ऊणोदरी

घरातील वडीलधाऱ्या माणसाला उलटी झाली की पहिले उत्तर ठरलेले असते: ‘पित्त झाले असेल.’ मग सुंठ-साखर येते, लिंबाचे सरबत येते, वेलदोडा चघळायला दिला जातो आणि औषधांच्या डब्यातील आम्लपित्ताची एखादी गोळी हातावर ठेवली जाते. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी पुन्हा उलटी होते आणि पुन्हा तेच उत्तर मिळते. तरुण देहाच्या बाबतीत हे उत्तर बहुतेक वेळा निभावून जाते. सत्तरी ओलांडलेल्या देहाच्या बाबतीत मात्र ते धोक्याचे ठरू शकते. तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे ६० टक्के पाणी असते. उतारवयात हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येते. तहानेची जाणीव मंदावते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्ती घटते. मोजकेच भांडवल उरलेल्या दुकानाला एका मंदीचा धक्काही भारी पडतो, तशीच या देहाची अवस्था असते.

जैन घरात या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. सूर्यास्तानंतरचा चौविहार, सकाळची नवकारशी, तिथींचे नियम, चातुर्मासातील एकासणे ही व्रते वृद्धांच्या आयुष्याचा कणा असतात. आजारपण आले की घरातील तरुणांना व्रत आडवे आल्यासारखे वाटते आणि वृद्धांना औषध आडवे आल्यासारखे वाटते. दोन्ही बाजू मग एकमेकांपासून काही ना काही लपवू लागतात. बार्शीतील भुसार आडतीचा व्यवसाय असलेल्या एका कुटुंबाने हा पेच एका चातुर्मासात सोसला. त्यातून त्यांच्या हाती जे आले, ते पुष्कळ घरांच्या उपयोगी पडावे असे आहे.

या घरातील आजी त्या वर्षी ७६ वर्षांच्या होत्या. मधुमेह त्यांना बावीस वर्षांपासून होता, रक्तदाब त्याच्या मागोमाग आलेला. गुडघे दुखत, तरीही रोज सकाळी स्थानकात व्याख्यानाला पायी जाण्याचा नेम त्यांनी सोडला नव्हता. आषाढी चौदसेपासून चार महिने एकासणे हा त्यांचा एकोणीस वर्षांचा परिपाठ होता. दुपारी बारा-साडेबाराला एकदाच बसून जेवायचे, त्याच वेळी सगळी औषधे घ्यायची, सूर्यास्तापर्यंत उकळून गार केलेले पाणी प्यायचे आणि त्यानंतर पाण्याचा थेंबही नाही. गुडघ्यांसाठी औषधांच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळीही त्या बारा वाजताच्या मुठीत असे. तिच्याविषयी डॉक्टरांना कोणी सांगितले नव्हते, कारण ती ‘औषध’ म्हणून कोणी धरलीच नव्हती.

श्रावणाच्या आरंभी उलट्या सुरू झाल्या. आजींनी त्या कोणाला कळू दिल्या नाहीत. सकाळी सामायिकापूर्वी न्हाणीघरात जायचे, उलटी झाली की नळ सोडून सगळे धुऊन काढायचे आणि चेहऱ्यावर पाणी मारून बाहेर यायचे, असे दहा-बारा दिवस चालले. कळले तर मुले एकासणे मोडायला लावतील, ही त्यांची भीती होती. वृद्ध माणसे आजार लपवतात त्यामागे पुष्कळदा हीच दोन कारणे असतात: एकतर आपला भार कोणावर पडू नये, आणि दुसरे, आपल्या हातात जे एवढेसे उरले आहे तेही काढून घेतले जाऊ नये. थोरल्या सूनबाईंना संशय आला तो साडीच्या निऱ्यांमुळे. सासूबाईंचे लुगडे पूर्वीसारखे कमरेला बसेना. निऱ्या दोन जास्त पडू लागल्या होत्या.

थोरले चिरंजीव आईला दुकानात घेऊन गेले आणि ज्या काट्यावर पोती मोजली जातात त्याच काट्यावर त्यांनी तिला उभे केले. वैशाखात नातीच्या हट्टाखातर याच काट्यावर आजींचे वजन झाले होते, ते होते ५८ किलो. आता काटा ५२ वर थांबला. कोणताही प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजनाचा विसावा हिस्सा घटला तरी वैद्यकशास्त्र त्याला इशारा मानते. इथे तीन महिन्यांत दहावा हिस्सा घटला होता. त्याच संध्याकाळी सूनबाईंनी दुकानातील एक कोरी वही घरी आणली. माहेर व्यापाऱ्याचे असल्याने रोजकीर्द लिहिण्याची सवय त्यांच्या हाताला होती. डाव्या बाजूला जमा: किती वाजता, काय, किती वाट्या, किती पेले पाणी, कोणती गोळी. उजव्या बाजूला नावे: उलटी किती वाजता, रंग कोणता, त्यात काय दिसले, लघवी किती वेळा, शौच झाले की नाही. ‘मांजी, तुमचे एकासणे मी मोडणार नाही. पण हिशेब मला लिहू द्या,’ असे त्यांनी सासूबाईंना सांगितले. आजींनी मान डोलावली.

नेहमीच्या डॉक्टरांनी आम्लपित्ताची औषधे दिली, त्यांनी थोडा उतार पडला आणि पुन्हा त्रास वाढला. पर्युषणाच्या चौथ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर सूर्यास्तापर्यंत पाच उलट्या झाल्या. रात्री नऊच्या सुमारास आजींची जीभ कोरडी पडली होती, दुपारपासून लघवी झाली नव्हती आणि त्या आपल्या दिवंगत बहिणीला हाका मारू लागल्या होत्या. धाकट्या नातीने बोट टोचून साखर मोजली. ती ६४ भरली. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न नसले तरी साखर उतरवीतच राहतात. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे, पाण्यात कालवून लगेच द्यायचे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे असते. सूनबाईंनी वाटी पुढे केली. आजींनी ओठ घट्ट मिटून घेतले. चिरंजीव दारात उभे होते. आईचे व्रत एकोणीस वर्षांचे होते; तिच्या तोंडात रात्री पाणी ओतण्याचे धाडस त्यांच्याने होईना.

अशा वेळी शेजारच्या एक वयोवृद्ध श्राविका धावून आल्या. पाठशाळेत त्यांनी दोन पिढ्यांना प्रतिक्रमण शिकवले आहे. त्या आजींच्या उशाशी बसल्या आणि कानाशी वाकून त्यांनी पच्चक्खाणाच्या पाठाची आठवण करून दिली. चौविहाराचे पच्चक्खाण घेताना त्याच पाठात चार आगार उच्चारले जातात: अनाभोग म्हणजे नकळत घडलेले, सहसाकार म्हणजे अचानक घडलेले, महत्तराकार म्हणजे मोठ्या हेतूसाठी वडिलांच्या आज्ञेने घडलेले आणि सर्वसमाधिप्रत्ययाकार म्हणजे तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून घेतलेले औषध. ‘हे दार तुम्ही रोज स्वतःच्या मुखाने उघडे ठेवता. आज त्यातून आत या म्हणते, व्रत मोडा म्हणत नाही,’ एवढेच त्या बोलल्या. आजींनी तोंड उघडले.

त्या वेळी आजी हाकेला ओ देत होत्या आणि गिळू शकत होत्या, म्हणूनच चमचा देता आला. ग्लानीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, औषध, साखर काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत उतरते. अशा माणसाला कुशीवर वळवावे, उलटी झाली तर ती बाहेर वाहून जाईल असे तोंड ठेवावे आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. आजींची साखर पंधरा मिनिटांत ९० च्या वर आली, पण बडबड थांबली नाही. रात्री अकरा वाजता त्यांना रुग्णालयात दाखल केले.

तेथे रक्त तपासल्यावर बडबडीचे कारण कळले. रक्तातील सोडियम साधारणपणे १३५ ते १४५ च्या दरम्यान असते. आजींचे १२१ होते. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते, त्यावाटे मीठ जात होते. उलट्यांवाटे जात होते. आणि भरून काढण्यासाठी दिले जात होते ते केवळ साधे उकळलेले पाणी. मीठ गमावलेल्या देहात नुसते पाणी भरत गेले की उरलेसुरले मीठ आणखी विरळ होते. त्याने मळमळ वाढते, मेंदूवर सूज येते, माणूस बरळू लागतो आणि घरचे म्हणतात, वय झाले. हे सोडियम भरून काढण्याचे कामही रुग्णालयात संथपणेच करावे लागते. घाईने वाढवले तर मेंदूला इजा होते.

घरी असताना उलट्या-जुलाबांत काय द्यावे याचे उत्तर फार स्वस्त आहे. ते म्हणजे ओआरएस. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत कालवून रुग्णांना तोंडाने पाजण्यास सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आज पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र छापलेले असते: एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे सूत्र पाहूनच पाकीट घ्यावे. ओआरएस हे नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांना २०२५ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरण्यास मनाई केली, ती याच गोंधळामुळे.

आपल्याकडे पाणी उकळून पिण्याचा रिवाज आहेच, त्या गार केलेल्या पाण्यात हे मिश्रण उत्तम होते. मोठे पाकीट एका लिटरला असते. ते अंदाजाने अर्धे करू नये. चातुर्मासात उकळलेले पाणी तीन प्रहरांपेक्षा जास्त ठेवायचे नसेल तर २०० मिलिलिटरची लहान पाकिटे मिळतात, ती ताजी ताजी कालवावीत. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. पेलाभर एकदम देऊ नये. दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्यावा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने सुरू करावे. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असेल तर किती द्यायचे ते डॉक्टरांनाच विचारावे. वृद्धांची कातडी चिमटीत धरून पाहण्याचा उपाय मात्र फसवा आहे, कारण ती वयानेच सैल झालेली असते. जीभ, लघवीचे प्रमाण आणि बोलण्यातील सुसंगती या तीन खुणा अधिक भरवशाच्या.

रुग्णालयात चौथ्या दिवशी आजी शुद्धीवर होत्या, सोडियम सावरत होते, परंतु उलट्या थांबल्या नव्हत्या. त्या सकाळी त्यांनी थोरल्या मुलाचा हात धरला आणि म्हणाल्या, ‘आता अन्न पोटात राहतच नाही. मला संथारा द्या.’ चिरंजीव बराच वेळ काही बोलू शकले नाहीत. जैन घरात ही विनंती हलकी नसते. ती नाकारणे म्हणजे आईचा शेवटचा भाव डावलणे, आणि मान्य करणे म्हणजे आईला निरोप देणे. ते तसेच उठून स्थानकात गेले आणि चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजींपुढे त्यांनी हा प्रश्न ठेवला.

साध्वीजींनी आधी विचारले, ‘रोगाचे नाव काय?’ चिरंजिवांना सांगता आले नाही. मग त्यांनी विचारले, ‘त्या कंटाळून मागत आहेत की समभावाने?’ याचेही उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. साध्वीजी म्हणाल्या, ‘संथाऱ्यासाठी रोग निष्प्रतिकार असावा लागतो, म्हणजे ज्याच्यावर उपाय उरलेला नाही असा. ज्याचे नावच अजून कळलेले नाही, तो निष्प्रतिकार आहे हे कोणी ठरवले? आधी नाव शोधा. उपाय नसेल तर मग त्यांच्या भावाचा विचार करू.’

या एका वाक्याने घराची दिशा बदलली. आजींना सोलापूरच्या पोटविकारतज्ज्ञांकडे नेले. नेताना सूनबाईंनी घरातील सर्व औषधे एका पिशवीत भरली: मधुमेहाची, रक्तदाबाची, गुडघ्यांची, जुने चूर्ण, लोहाच्या गोळ्या, सगळी. तज्ज्ञांनी पिशवी टेबलावर रिकामी केली आणि निम्मी औषधे बाजूला काढली. मधुमेहावरील मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या, काही प्रतिजैविके, हृदयासाठीचे डिगॉक्सिन, तीव्र वेदनाशामके यांतील कोणतेही औषध वृद्धांत मळमळीचे कारण असू शकते. गुडघ्यांवरील साध्या वेदनाशामक गोळ्यांनी जठराला व्रण पडतात आणि देहात पाणी कमी असताना त्याच गोळ्या मूत्रपिंडांवर घाला घालतात. लघवी वाढवणारी, रक्तदाबाची काही आणि मधुमेहाची नवी काही औषधे उलट्यांच्या दिवसांत तात्पुरती थांबवावी लागतात. कोणती थांबवायची हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन डब्यावर चिकटवावे. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये.

मग तज्ज्ञांनी वही मागितली आणि उजवी बाजू वाचत गेले. एका नोंदीपाशी ते थांबले: ‘सकाळी ६.४०. उलटी, मोठी. भाताची शिते, तुरीचे दाणे.’ आदल्या दिवशी आजींचे एकासणे दुपारी साडेबाराला झाले होते. जेवण सुमारे चार तासांत जठरातून पुढे सरकून गेलेले असावे. इथे अठरा तासांनंतरही शिते ओळखू येत होती. अशा पाच नोंदी वहीत होत्या. ‘ही वही दाखवली नसती तर मला यायला आणखी उशीर लागला असता,’ असे ते म्हणाले. असे जुने अन्न उलटून पडते त्याची मुख्य कारणे दोन: जठराचे पुढचे दार व्रणाने किंवा गाठीने अरुंद झालेले असते, किंवा दार उघडे असूनही जठर अन्न पुढे ढकलत नाही. दुर्बिणीने पाहिल्यावर गाठ नव्हती, दार मोकळे होते, आणि रात्रभर उपाशी असूनही जठरात अन्नाचे अवशेष होते. वेदनाशामकांनी आलेली सूज तेवढी होती.

खात्रीसाठी पुण्याला एक तपासणी झाली. किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेले जेवण देऊन ते चार तासांत किती पुढे सरकते याची चित्रे घेतात. चार तासांनंतर दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरले तर गती मंद समजतात. या तपासणीचे पाश्चात्य पद्धतीचे जेवण अंड्यातील पांढऱ्या बलकाचे असते. धाकट्या चिरंजिवांनी आधीच चौकशी केली, म्हणून इडलीवर ही तपासणी करणारे केंद्र त्यांना निवडता आले. जैन कुटुंबाने हे आणि औषधांच्या कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे का, हे दोन्ही प्रश्न निःसंकोच विचारावेत. पर्याय पुष्कळदा असतो. विचारले नाही तर तो पुढे केला जात नाही.

रोगाला नाव मिळाले: गॅस्ट्रोपेरेसिस, म्हणजे जठराची मंदगती. दीर्घकाळच्या मधुमेहाने जठराला हलवणारी व्हेगस ही मज्जा दुबळी होते. साखर चढलेली असली की जठर आणखी मंद होते, आणि जठर मंद असले की साखर कधी चढेल, कधी उतरेल याचा भरवसा राहत नाही. हा रोग समूळ जात नाही, पण आटोक्यात राहतो. जठराची गती वाढवणारी औषधे आहेत. परंतु त्यांतील मेटोक्लोप्रमाइडने वृद्धांना हातापायांचा कंप, ताठरपणा, गोंधळ असे त्रास होऊ शकतात आणि डॉम्पेरिडोनने हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणून उलटीवरची गोळी शेजारच्या घरून मागून देण्याची वस्तू नाही. खरा उपाय ताटात होता: मऊ, कमी स्निग्ध, कमी चोथ्याचे अन्न, एका वेळी एक लहान वाटी, दिवसातून पाच वेळा, जेवल्यावर तास-दोन तास आडवे व्हायचे नाही.

आजींनी हे ऐकले आणि त्यांचे डोळे भरून आले. पाच वेळा खायचे म्हणजे तप संपलेच. घरी परतल्यावर साध्वीजींपुढे त्यांनी हेच दुःख मांडले. साध्वीजींनी विचारले, ‘बाह्य तपे किती?’ आजींनी सहा मोजली: अनशन, ऊणोदरी, वृत्तिसंक्षेप, रसपरित्याग, कायक्लेश, संलीनता. ‘मग पहिल्यावरच अडून का बसलात? भुकेपेक्षा कमी खाऊन ताटावरून उठणे ही ऊणोदरी. उपवासाला एकदाच मनाची तयारी लागते, हिला दर ताटापाशी लागते. तूप आणि तळण सोडाल तो रसपरित्याग. आणि या सूनबाई सहा आठवडे तुमचे भांडे धुऊन हिशेब लिहीत आहेत, ते वैयावृत्त्य. त्यांचे तपही चालू आहे.’

वेळापत्रक बसवताना घरच्यांच्या ध्यानात आले की चौविहाराला धक्का लावण्याची गरजच नव्हती. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पाळली की सव्वासातला मऊ थुलीची पहिली वाटी. साडेनऊला पातळ ताक, बाराला मुगाची मऊ खिचडी, अडीचला गाळलेले मुगाचे कढण किंवा शिजवून कुस्करलेला दुधी, साडेपाचला पातळ घाट. द्विदल होऊ नये म्हणून ताक आणि मुगाची वेळ निराळी ठेवली. सूर्यास्तापर्यंत अंगणात शतपावली होते आणि रात्री जठर रिकामे राहते, तेच वैद्यकालाही हवे असते. तज्ज्ञांनी औषधांच्या वेळा दिवसाच बसवून दिल्या आणि साखर एकाएकी उतरवणारी गोळी बदलली. रात्री कधी साखर उतरलीच तर काय करायचे, हे आगारासह एका कागदावर लिहून आजींच्या पलंगाशेजारी लावले. त्या कागदावर आजींची स्वतःची सही आहे.

प्रत्येक वृद्धाची उलटी जठराच्या मंदगतीची नसते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळा गाळ दिसला, शौच डांबरासारखे काळे झाले, हिरवी उलटी होऊन पोट फुगले आणि वायूही सरेनासा झाला, तर एक तासही दवडू नये. छातीत दुखत नसले तरी घाम, धाप आणि उलटी एकत्र आली तर हृदयविकाराचा झटका मनात आणावा; वृद्ध स्त्रियांत आणि मधुमेहींत तो असाच चोरपावलांनी येतो. तीव्र डोकेदुखी, तोल जाणे, बोलणे अडखळणे, डोळा लाल होऊन दुखणे, ताप, सहा-आठ तास लघवी न होणे, पाण्याचा घोटही न टिकणे, ही प्रत्येक खूण ‘पित्त’ या शब्दाला बाजूला सारणारी आहे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, पित्ताशयातील खडे, इतकेच काय, अनेक दिवसांचा मलावरोधही वृद्धांत केवळ मळमळीच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. चोवीस तासांत उतार नसेल तर तपासणी हवी, आणि मधुमेह असेल तर त्याहूनही लवकर.

पुढच्या वर्षी आषाढी चौदसेला आजींनी ऊणोदरीचे पच्चक्खाण घेतले. तुपाची आणि कडाई विगय सोडली. दुकानाच्या काट्यावर दर रविवारी त्यांचे वजन होते. ते ५४ किलोवर स्थिरावले आहे. स्थानकात त्या रिक्षाने जातात आणि येताना हळूहळू चालत येतात. त्या चार महिन्यांत वहीच्या उजव्या बाजूला उलटीच्या तीनच नोंदी झाल्या. दोन सूनबाईंच्या अक्षरात आहेत. तिसरी एका पारण्याच्या दिवसाची आहे, त्या दिवशी सूनबाई माहेरी गेल्या होत्या. थरथरत्या, मोठ्या अक्षरात तिथे लिहिले आहे: ‘पहाटे ५. उलटी एक. काल मुगाचा शिरा अर्धी वाटी जास्त झाला. घरात सर्वांना सांगितले.’